शाहिराची फिर्याद

राजकीय प्रश्नांवर गाणे रचावे की नाही, हा वाद आपल्याकडील साहित्यरसिकांनी पुष्कळ काळ घातला. परंतु ज्यांच्यासाठी अशी गाणी रचली गेली, त्या श्रोतृवृंदाला या वादाची दखल घेण्याची आवश्यकता कधीच भासली नाही. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली शिवरायांचा पवाडा प्रसिद्ध केला आणि पुढे सत्यशोधक जलसेवाल्यांनी तमाशाचाच ढाचा पत्करून भिक्षुकशाहीवर आणि सावकारीवर कोरडे ओढले, तेव्हा गाणे हे लोकशिक्षणाचे साधन आहे, ही गोष्ट या प्रांतात जवळजवळ निर्विवाद ठरून गेली होती.

असे असूनही, प्रश्नांवर रचलेली बहुतेक गाणी अल्पायुषी ठरतात, कारण त्यांत प्रश्न असतो, परंतु त्या प्रश्नाने गांजलेला माणूस नसतो. अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड मला या बाबतीत आदर्शवत् वाटते. अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारणारा हा शाहीर स्वतः गिरणीत राबलेला होता. आपला श्रोता म्हणजे घरधनीण गावी ठेवून परळ-लालबागच्या एका खोलीत दहा-वीस जणांसोबत पथारी पसरणारा आणि खानावळीत महिन्याच्या हिशेबाने जेवणारा माणूस आहे, हे त्याला कोणी सांगावे लागत नव्हते. म्हणून रचनेच्या आरंभी संयुक्त महाराष्ट्राचे नावही नाही. तेथे आहे लावणीच्या रिवाजाप्रमाणे केलेले स्त्रीच्या रूपाचे वर्णन, निरोपाच्या वेळची तिची तगमग आणि मग मुंबईच्या श्रीमंतीत उपरा ठरलेल्या तिच्या धन्याची कुचंबणा. श्रोता आपल्याच विरहात पुरता बुडाल्यावर शाहीर एकाएकी सांगतो की खंडित महाराष्ट्राचीही हीच गत झाली आहे, आणि बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावे घेऊ लागतो. राज्यपुनर्रचनेच्या अहवालावर वृत्तपत्रांनी रकानेच्या रकाने खर्ची घातले. पण सरहद्द म्हणजे काय, हे गिरणीच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या कामगाराला या एका वळणाने कळले. शृंगाराची ही युक्ती निव्वळ प्रचारकी आहे, असा आक्षेप घेणाऱ्यांनी ती एकदा भर सभेत, डफाच्या साथीने ऐकावी.

सत्तेची नजर चुकवण्याची कला ही याच विद्येची दुसरी शाखा होय. १९४३च्या ‘किस्मत’ चित्रपटात कवी प्रदीप यांनी परक्यांना हिंदुस्थानातून चालते व्हायला सांगितले आणि शत्रू म्हणून नावे घातली ती जर्मनांची व जपान्यांची. युद्धकाळातील इंग्रज सरकारच्या सेन्सॉरला हरकत घेण्यास जागाच उरली नाही, आणि चित्रपटगृहातील प्रेक्षकाला मात्र गाण्याचा रोख कोणाकडे आहे, याबद्दल तिळमात्र शंका नव्हती.

आजच्या निवडणुकीच्या हंगामात गल्लोगल्ली कर्ण्यांतून जी प्रचारगीते ऐकू येतात, ती बहुधा सिनेमाच्या चालींवर बेतलेली असतात, म्हणून त्यांना नाके मुरडण्याची प्रथा पडली आहे. हा न्याय मला मान्य नाही. भीमगीतेही सिनेमाच्या चालींवर सर्रास गायिली जातात आणि तरीही वस्त्यावस्त्यांत जयंतीला आबालवृद्धांच्या मुखी असतात. वामनदादा कर्डकांसारख्या कवीने गावोगाव फिरून आयुष्यभर जे लिहिले, त्याची योग्यता चालीच्या मालकीवरून ठरवणे हा शुद्ध अरसिकपणा आहे. प्रचारगीताचा खरा दोष असा की ते फर्माइशीवरून तयार होते, उमेदवाराचे नाव बदलले की तेच दुसऱ्याच्या गाडीवर चढते आणि त्यात गाणाऱ्याच्या पदरचे काहीच खर्ची पडत नाही.

१ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. डांग आणि उंबरगाव गुजरातेत गेले, बेळगाव व कारवार त्यापूर्वीच म्हैसूर राज्यात घातले गेले होते. शाहिराने फडावर गुदरलेल्या त्या फिर्यादीचा सीमाभागापुरता दावा महाराष्ट्र सरकारने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात रीतसर दाखल केला.