माझं एकच खोकं

"पाच गाण्यांत पाच वेगवेगळ्या मुली गिटार वाजवतायत असं वाटतंय यार," आमचा बेसिस्ट म्हणाला आणि खोलीत एकदम शांतता पसरली.

प्रसंग असा, की आमच्या बँडची (बँड म्हणजे आम्ही चौघं, सगळे आयटीतले, प्रॅक्टिस शनिवारी, तीही क्लायंटची कृपा असेल तर) आठ महिन्यांत कशीबशी पाच गाणी रेकॉर्ड झाली होती. कोथरूडला ड्रमरच्या घरी चहा-खारी घेऊन ती पहिल्यांदाच एकापाठोपाठ एक ऐकायला बसलो होतो. बेसिस्ट महाशय तीन आठवड्यांनी कॅनडाला निघाले होते, कायमचे. म्हणजे ही पाच गाणी हेच आमचं काय ते समग्र वाङ्मय! ड्रम्स एकसारखे, बेस एकसारखा, गाणारी तर एकच. फक्त गिटार... एका गाण्यात डबाबंद, दुसऱ्यात कानात सुई, तिसऱ्यात शेजारच्या बिल्डिंगमधून येतेय अशी.

गिटार अर्थातच माझी होती. आणि गुन्हेगार कोण तेही मला माहीत होतं. माझ्या लॅपटॉपवरचं 'कॅब्स' नावाचं फोल्डर.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सोसायटीत खरा गिटार अँप मोठ्याने लावायची सोय नाही. आमच्या वरचे काका मिक्सर फिरला तरी खाली बघायला येतात. त्यामुळे माझ्यासारखी माणसं गिटार थेट लॅपटॉपला जोडतात. अँपही सॉफ्टवेअरमधला आणि अँपखालचं ते मोठं खोकं, म्हणजे स्पीकर कॅबिनेट, तेही सॉफ्टवेअरमधलंच. ('खोकं' म्हटल्यावर हसू नका, आपलं खोकं लाकडाचंच.)

आता गंमत बघा. आपण सगळा जीव लावतो तो अँपवर. कुठला अँप, कुठलं पेडल, गेन किती. पण गिटारचा स्पीकर हा काही घरच्या म्युझिक सिस्टिमसारखा प्रामाणिक प्राणी नाही. बारा इंची कागदी कोनाचा तो गडी साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर जवळजवळ गप्पच बसतो. डिस्टॉर्शनमधला सगळा कर्कश कचरा तिथे गाळला जातो. विश्वास बसत नसेल तर खोकं बंद करून नुसता अँप हेडफोनमध्ये ऐका. कानाशी डास गुणगुणतोय असंच वाटेल. म्हणजे आपण ज्याला 'अँपचा टोन' म्हणून मिरवतो, त्यातला बराच मोठा वाटा या खोक्याचा.

हे उशिरा कळलेलं शहाणपण नाही बरं का. 'बॉस्टन' बँडचा टॉम शोल्झ हा एमआयटीत शिकलेला इंजिनिअर. त्याने 1982 मध्ये वॉकमनच्या जातीचा 'रॉकमन' बाजारात आणला, हेडफोनवर गिटार वाजवायला. त्यातही स्पीकरच्या आवाजाची नक्कल करणारी सर्किट्स होतीच. 1998 मध्ये लाईन सिक्सचा राजम्यासारखा लालभडक 'पॉड' आला, त्यात निवडायला मोजकी खोकी होती. तेव्हाच्या पोरांचं आयुष्य किती सोपं असेल!

मग आले इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे आयआर. खऱ्या स्पीकरमधून खालपासून वरपर्यंत चढत जाणारी एक शीळ सोडायची, समोरच्या माइकने ती पकडायची आणि गणित करून त्या स्पीकरची, माइकची आणि जागेची मिळून एक सही काढायची. ती सही म्हणजे छोटीशी फाइल. 48 हजार सॅम्पल्सच्या हिशेबात 2048 सॅम्पल्सची घेतलीत तर जेमतेम 43 मिलिसेकंद. तुमच्या गिटारवर तिचा ठसा उमटवला की हेडफोनमध्ये आख्खं कॅबिनेट उभं!

भानगड अशी, की माइक इंचभर सरकवला तरी सही बदलते. कोनाच्या मधोमध धरला तर आवाज तिखट, कडेकडे नेला तर मऊ. म्हणजे एकाच खोक्यासमोर चार माइक, प्रत्येकी दहा जागा आणि तीन अंतरं धरली तर झाल्या 120 फाइली. त्यात व्हिंटेज थर्टी स्पीकरच्या वेगळ्या, ग्रीनबॅकच्या वेगळ्या, उघड्या पाठीच्या खोक्याच्या वेगळ्या. माझ्या फोल्डरमध्ये चौदाशेच्या वर फाइली जमल्या होत्या. काही विकत घेतलेल्या, बऱ्याचशा फुकट.

आणि माझ्याकडे वेळ किती? ऑफिसातून येऊन जेवून आवरून साडेनऊ ते अकरा. हा दीड तास माझा स्वतःचा. आठ महिन्यांतले किती दीड तास मी गिटार मांडीवर ठेवून, एकच रिफ वाजवत, माउसने खोकी बदलत घालवले याचा हिशेब मी केलेला नाही. करणारही नाही. प्रत्येक नव्या गाण्याच्या वेळी 'हेच ते!' म्हणत नवी फाइल सापडायची, आणि पुढच्या महिन्यात ती अगदीच भिकार वाटायची.

यात कानांची काही चूक नसते. कान पाच मिनिटांत कुठल्याही आवाजाला सरावतात. मग त्यानंतर येणारा जरा मोठा किंवा जरा चमकदार आवाज सरस वाटतो, तो सरस असो वा नसो. दुसरं म्हणजे बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी 1933 मध्येच दाखवून दिलंय, की हळू आवाजात आपल्याला खर्ज आणि फार तार स्वर कमी ऐकू येतात. रात्री सगळे झोपलेले असताना हळू आवाजात मी जे खोकं 'भरदार' म्हणून निवडलं, ते ड्रमरच्या मोठ्या स्पीकर्सवर घुमणारच होतं. दुसऱ्या गाण्यात डबा वाजतोय तो असा.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी आईपुढे रडगाणं गायले. आई गेली तीस वर्षं काळी चारमध्ये गाते. तिने शांतपणे विचारलं, "अगं, तू रोज पट्टी बदलून रियाज करतेस होय?"

झालं. चौदाशे फाइलींवर एका वाक्यात पाणी.

पण मुद्दा तोच होता. खोकं बदललं की अँपची सगळी बटणं नव्याने शिकावी लागतात. ट्रेबल सहावर बरा की चारवर, गेन किती झाला की कॉर्ड चिखल होते, ब्रिज पिकअप कधी बोचतो, हे हाताला आणि कानाला कळायला काहीतरी जागेवर थांबायला हवं ना! स्टुडिओत माइकची जागा जमली की जमिनीवर टेप चिकटवून खूण करतात आणि कुणाला तिथे फिरकू देत नाहीत. आम्ही घरबसले मात्र दर गाण्याला नवा स्टुडिओ बांधतो.

मग एक रविवार काढला. फक्त पाच फाइली घेतल्या. एकटी गिटार ऐकायची नाही, आमच्याच गाण्यातल्या ड्रम्स आणि बेसबरोबर ऐकायची. पाचही आवाज मापून एका पातळीवर आणले. भाऊ लॅपटॉपवर बदलणार, मी भिंतीकडे तोंड करून फक्त आकडा सांगणार. तीन गाण्यांत तिन्ही वेळा मी 'चार नंबर' म्हटलं. निघालं काय, तर बंद पाठीचं चार स्पीकर्सचं खोकं, आत व्हिंटेज थर्टी आणि समोर शुअरचा एसएम फिफ्टीसेव्हन, कोनाच्या मधल्या टोपीच्या कडेला. म्हणजे जगातल्या अर्ध्या रॉकवाल्यांनी करून ठेवलेली सगळ्यात घासूनपुसून गुळगुळीत झालेली मांडणी. आणि फाइल फुकटातली! एकटी ऐकली तर नाकात बोलणारी, काहीशी कंटाळवाणी. पण गाण्यात कुणाच्या पायात न येता बरोबर जागेवर बसणारी.

त्याखाली 90 हर्ट्झच्या खालचं आणि साडेसात हजारांच्या वरचं थोडं कापलं. सेटिंग सेव्ह केलं. बाकीचं फोल्डर पेनड्राइव्हवर टाकून आईच्या कपाटात, पैठणीखाली.

आता उरला प्रश्न पाच गाण्यांचा. ज्यांचा कोरा सिग्नल, म्हणजे अँप-खोक्याआधीची नुसती गिटार, वेगळी जपून ठेवलेली असते, त्यांना फक्त खोकं बदलून पुन्हा ऐकायचं असतं. मी तो दोनच गाण्यांचा ठेवला होता. दोन गाणी अर्ध्या तासात सुधारली. उरलेल्या तिन्हींत अँप आणि खोकं आवाजात कायमचं भाजून गेलेलं. ती पुन्हा वाजवण्यावाचून इलाज नव्हता. (तेवढा कोरा ट्रॅक जपा हो, फुकट असतो तो.)

विमानाला सोळा दिवस होते. रोज तेच दीड तास. पहिले दोन दिवस हात माउसकडे जायचाच. तिसऱ्या दिवसापासून एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. आवाज बोचला तर मी अँपकडे न बघता उजव्या हाताकडे बघायला लागले. पिक जरा तिरकं धरलं, गिटारचा व्हॉल्यूम आठवर आणला, झालं काम. आठ महिन्यांत जी तीन गाणी धड वाजली नव्हती, ती अकरा दिवसांत झाली. शेवटच्या गाण्याचं एक वळण मी आधी दर वेळी चुकवत होते आणि दोष टोनला देत होते, हेही यथावकाश उघडकीला आलं.

ड्रमरचं म्हणणं, असं एकच खोकं धरून बसणं म्हणजे रोज वरणभात. त्यात थोडं तथ्य आहे. आमचं एक संथ गाणं आहे, तिथे स्वच्छ आवाजाला उघड्या पाठीचं खोकं कदाचित जास्त शोभलं असतं. मी ट्रेबल उतरवून भागवलं, आणि ते गाणं ऐकताना अजूनही थोडी चुटपुट लागते. पण पाच गाणी एका बाईने वाजवली आहेत असं वाटतं, आणि आमची घाई त्याचीच होती.

एकच ताकीद. लाइव्ह शोला तुमचा आवाज थेट हॉलच्या साउंड सिस्टिममध्ये जाणार असेल तर खोकं चालू ठेवा. पण स्टेजवरच्या खऱ्या गिटार अँपच्या स्पीकरमधून वाजवणार असाल तर बंद करा. मी एकदा विसरले होते. खोक्यात खोकं! रजईत तोंड घालून गायल्यासारखी गिटार, आणि समोर आख्खं ऑफिस.

बेसिस्ट गेला. जायच्या आदल्या रात्री त्याच ड्रमरच्या घरी, त्याच खारीबरोबर पाचही गाणी पुन्हा ऐकली. या वेळी तो काहीच बोलला नाही, फक्त दुसरं गाणं परत लावायला सांगितलं. दोनदा.

गेल्या महिन्यात त्याचा मेसेज आला. तिकडे थंडीत घरी बसून बसून गिटार शिकायला घेतलीय म्हणे. "तुझ्याकडच्या कॅब्स पाठव ना, जेवढ्या असतील तेवढ्या."

मी पाठवली. सहा केबी.

"बाकीच्या?" त्याने विचारलं.

आईच्या कपाटात आहेत, मी लिहिलं.