अळंब्यानें पोखरलेलें घर

फणसाच्या जुन्या खोडास चिकटलेलें, घोड्याच्या टापेसारखें, तपकिरी व लांकडाइतकें कठीण अळंबें कोंकणांतील वाचकांनीं पाहिलेलें असेल. घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया तेंच 'फणसाळंबें' म्हणून जपून ठेवीत आणि मुलाचें तोंड आलें कीं सहाणेवर उगाळून लावीत. या औषधी वस्तूचा रानांतील खरा उद्योग काय, याचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाहीं.

आपणांस दिसतें तें केवळ त्याचें फळ. मूळ अळंबें खोडाच्या आंत बारीक तंतूंच्या रूपानें वर्षानुवर्षें पसरत असतें. हिरवे रंगद्रव्य नसल्यामुळें सूर्यप्रकाशावर अन्न तयार करण्याची विद्या त्यास अवगत नाहीं. तें लांकूडच पचवितें. झाड कुजलें म्हणून अळंबें उगवतें, असा पूर्वीं समज होता. वस्तुस्थिति उलट आहे, अळंब्यामुळेंच लांकूड कुजतें, हें जर्मन वनशास्त्रज्ञ रॉबर्ट हार्टिग यानें १८७४ सालीं ग्रंथ लिहून दाखवून दिलें.

परंतु एवढ्यावरून झाड मेलें असें समजूं नये. थोराड वृक्षाचा गाभा मुळांतच निर्जीव असतो. पाणी वर नेण्याचें काम बाहेरच्या कोवळ्या लांकडाकडे असतें. त्यामुळें गाभा पोखरला गेला तरी वृक्ष अनेक वर्षें उभा राहतो, फुलतो, फळतो. (सालीलगतचें जिवंत लांकूड खाणाऱ्या अळंब्यांच्या जाती निराळ्या, त्या झाडाचा प्राण घेतात.)

ही पोकळी म्हणजे सह्याद्रींतील महाधनेशाचें सूतिकागृह होय. हा पक्षी तीन फुटांहून लांब. चोंच पहावी तर केवढी अवजड! पण तिनें ढोली कोरतां येत नाहीं. बेहडा, आंबा अशा वृक्षांत तयार ढोली सांपडली तरच त्याचा संसार. मादी आंत शिरून विष्ठा व फळांचा चोथा यांनीं दार लिंपून घेते, चोंचीपुरती फट ठेवते, आणि तीन-चार महिने कोंडून राहते. तेवढे दिवस नर त्या फटींतून वड-उंबरांचीं फळें भरवितो. पुढल्या वर्षींही पुष्कळदां तीच ढोली वापरली जाते. ती गेली तर एवढी दुसरी तयार होण्यास मनुष्याचें आयुष्य पुरेल असें नाहीं.

तांबट पक्षी स्वतः भोंक पाडतो खरा, पण त्यासही कुजून मऊ झालेलीच फांदी लागते. त्यानें व सुतारानें सोडलेल्या बिऱ्हाडांत पुढें साळुंक्या, पोपट, पिंगळे येतात. अळंब्याच्या पोटांत राहणारे भुंगेरेही आहेतच.

घरावर कललेल्या झाडाच्या बुंध्याशीं अळंबें दिसलें तर तें जाणत्या माणसास दाखवावें, व तोंवर मुलांना खालीं खेळूं देऊं नये. देवराईंतला बेहडा मात्र कोणाच्या छपरावर पडत नाहीं. 'पोकळच झालें आहे' म्हणून त्यावर कुऱ्हाड घालूं पाहणाऱ्यानें माघापासून ज्येष्ठापर्यंत ढोलीच्या तोंडाशीं लिंपण आणि खालीं फळांच्या बियांचा सडा दिसतो का, तें आधीं पहावें. लांबूनच पहावें.