हौद्यातला मजूर आणि चष्म्यातली सुरक्षितता

कामगारांच्या प्रशिक्षणासाठी ‘आभासी वास्तव’ नावाचे एक नवे साधन आता उद्योगजगतात रूढ होऊ लागले आहे. डोळ्यांवर पेटीसारखा चष्मा चढवायचा, दोन्ही हातांत दोन मुठी धरायच्या आणि बंद खोलीत उभे राहूनच भडकलेल्या आगीचा, उंच परांचीचा, उघड्या वीजवाहिनीचा अनुभव घ्यायचा. चूक झाली तर चष्म्यातला माणूस कोसळतो. खऱ्या माणसाला ओरखडाही उठत नाही. कल्पना मोहक आहे आणि काही अंशी उपयुक्तही आहे. परंतु कामगाराच्या जिवाचे रक्षण हा केवळ त्याच्या शिकण्याचा प्रश्न आहे, अशी समजूत या चष्म्याबरोबर पसरत असेल, तर तिची परीक्षा शहरांतील प्रदर्शनांत न करता बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात केली पाहिजे.

२० ऑगस्ट २०२१ रोजी सिंदखेडराजा तालुक्यात, दुसरबीडजवळच्या तढेगाव येथे, समृद्धी महामार्गाच्या कामावर लोखंडी गज घेऊन निघालेला एक टिप्पर उलटला. त्या हौद्यात गजांच्या सोबतीला माणसेही बसविली होती. दूरच्या प्रांतांतून पोटासाठी आलेले १३ मजूर त्या गजांखाली सापडून मृत्यू पावले. ५ जून २०२५ रोजी या ७०१ किलोमीटरच्या महामार्गाचा अखेरचा टप्पा खुला झाला. मुंबई-नागपूर अंतर किती तासांवर आले याचा हिशेब त्या वेळी सर्वांना पाठ होता. तढेगावचा आकडा किती जणांना आठवला असेल?

त्या १३ जणांना चष्म्यातून काय शिकविता आले असते? लोखंडाच्या ओझ्यावर बसून प्रवास करणे धोक्याचे आहे, हे? ते त्यांना ठाऊक नसेल असे मानणे म्हणजे श्रमिकाला अडाणी समजण्याची जुनीच खोड आहे. मालवाहू वाहनातून माणसे वाहून नेण्यावर कायद्याचे निर्बंध आहेत आणि ते पाळणे हे मजुराचे काम नाही. दिवसाच्या रोजावर काम करणाऱ्या, गावापासून शेकडो कोस दूर असलेल्या माणसाला ‘मी यात बसणार नाही’ असे म्हणता येत नाही. त्याच्याजवळ धोक्याची जाणीव असते. नकाराचे सामर्थ्य नसते. प्रशिक्षणाचा खरा प्रश्न येथून सुरू होतो.

याचा अर्थ यंत्रविद्येच्या नव्या साधनांकडे पाठ फिरवावी असा नव्हे. समाजवाद्यांनी यंत्राला कधी शत्रू मानलेले नाही. यंत्र कोणाच्या हाती आणि कोणासाठी, एवढाच त्यांचा सवाल राहिला आहे. अमेरिकेतील एडविन लिंक याने १९२९ साली जमिनीवरच विमान चालविण्याचा सराव देणारी एक पेटी तयार केली. प्रारंभी तिची फारशी कदर झाली नाही. १९३४ साली टपाल वाहून नेताना अनेक लष्करी वैमानिक प्राणास मुकले, तेव्हा तेथील सैन्याने अशा सहा पेट्या विकत घेतल्या. आजचा चष्मा हा त्याच पेटीचा वंशज होय. आग लागल्यावर कोणत्या दाराने निघावे, वीजप्रवाह प्रथम कोठे तोडावा, उंचावर पट्टा कोठे अडकवावा, हे खरा अपघात घडवून शिकविता येत नाही. तेथे ही साधने निश्चितच उपकारक आहेत. विताळकाम शिकणाऱ्या मुलाला कांड्या आणि पत्रा वाया न घालविता हात बसविण्याचा पहिला सराव त्यांतून मिळू शकतो.

मात्र वैमानिकाच्या या उदाहरणातील उरलेला अर्धा भाग सोयीस्करपणे विसरला जातो. त्या पेटीतून उतरल्यावर वैमानिकाला अनुभवी सहकाऱ्यासमवेत खरे विमान चालवावे लागते, आणि यंत्रात दोष दिसल्यास उड्डाण नाकारण्याचा अधिकार त्याला असतो. शिवाय त्याच्यावर खर्च होतो, कारण त्याच्या चुकीने कोट्यवधींचे विमान नष्ट होते. खामगावच्या जिनिंगमधील मजुराच्या चुकीने त्याचा स्वतःचाच हात जातो, आणि दुसरा हात दारात उभा असतो. भांडवल जेथे गुंतलेले असते तेथे ते काळजी घेते. माणूस जेथे स्वस्त असतो तेथे त्याला काळजी घेण्याचा उपदेश केला जातो.

खामगाव या नावाबरोबर वऱ्हाडच्या कापसाचा सारा इतिहास उभा राहतो. मँचेस्टरच्या गिरण्यांची भूक भागविण्यासाठी येथला कापूस हवा होता, म्हणून १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत लोहमार्गाचा फाटा आला. कापसाच्या गाठीत भेसळ होऊ नये म्हणून १९२५ साली जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा स्वतंत्र कायदा झाला. प्रत्येक गाठीवर तिच्या प्रेसची खूण आणि क्रमांक असावा असे त्याने ठरविले. गाठ कोणत्या प्रेसमधून निघाली हे सातासमुद्रापार कळत असे. ती बांधताना कोणाची बोटे गेली, हे तालुक्याच्या गावीही कळत नसे.

जिनचे काम वरवर साधे दिसते. चामड्याचे दोन रूळ फिरतात, सुरी खालीवर होते, रुई एकीकडे आणि सरकी दुसरीकडे पडते. पण रुळाला रुई गुंडाळली गेली, कोठे कापूस अडकला, की हात आपोआप पुढे जातो, आणि तेवढ्या क्षणात घात होतो. कापसात लोखंडाचा एखादा तुकडा आला तर ठिणगी उडते आणि रुईच्या ढिगाला आग लागायला वेळ लागत नाही. यंत्र आधी बंद करावे, ते थांबल्याची खात्री करावी, दुसरा कोणी ते चालू करणार नाही याची व्यवस्था करावी आणि मगच हात घालावा: हा क्रम फळ्यावर लिहून पाठ होतो, पण अंगात मुरतो तो त्या यंत्राशेजारी उभे राहून, त्याचा आवाज ऐकून, त्याचा कंप हाताला जाणवूनच. आवाज बदलला की जाणता फिटर मान वर करतो. ती मान चष्म्याने तयार होत नाही. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपूर येथे आहे. प्रत्यक्ष यंत्रावर माणूस तयार करता येतो याचा हा विदर्भातीलच पुरावा होय. पण तेथवर पोहोचतो तो कारखान्याचा फिटर किंवा चालक. दिवाळीनंतरच्या हंगामापुरती मुकादमाने आणलेली, उक्त्यावर राबणारी बाई तेथे पोहोचत नाही. तिने एक दिवस शिकायचे म्हणजे एक दिवसाचा रोज गमवायचा. जे प्रशिक्षण मजुराच्या भाकरीतून वजा होते, ते त्याला कोणत्या तोंडाने सांगावे?

कारखान्याबाहेर तर स्थिती याहून वाईट आहे. बुलढाणा हा सोयाबीनचा जिल्हा. सुडी लागली की मळणी यंत्र दारोदार फिरते. रात्री-अपरात्री, अपुऱ्या उजेडात, दमलेली माणसे त्याच्या तोंडात पेंढ्या लोटत राहतात. कधी हात ओढला जातो, कधी पदर. मळणी यंत्राने हात तोडलेल्या मजुरांचा प्रश्न देशभर इतका तीव्र झाला होता की संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा केला. त्या कायद्याचे तत्त्व आजच्या चष्मेवाल्यांनी मुद्दाम ध्यानात घेण्यासारखे आहे. मजुराने सावध राहावे एवढेच सांगून तो थांबला नाही. यंत्र घडविणाऱ्याने ते सुरक्षित घडवावे, पेंढी सारण्याचे तोंड असे झाकलेले व लांब असावे की हात दातांपर्यंत पोहोचूच नये, ही पहिली जबाबदारी त्याने कारखानदारावर टाकली. आधी यंत्राला कुंपण, मग माणसाला शिकवण, हा शास्त्रशुद्ध क्रम होय. तो उलटा केला की प्रत्येक अपघात हा मजुराच्या निष्काळजीपणाचा ठरतो, आणि ‘त्याला शिकविले होते’ असा कागद पुढे करून मालक मोकळा होतो.

त्या कायद्याची आठवण शिवारात किती यंत्रांवर दिसते, हे हंगामात कोणत्याही गावी जाऊन पाहता येईल. आणि हात गेल्यावर? स्वर्गीय गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात सानुग्रह अनुदान योजना मृत्यूबद्दल वा दोन अवयव गमावल्याबद्दल २ लाख आणि एका अवयवाबद्दल १ लाख रुपये देते. परंतु ती सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्याला लागू आहे. यंत्राच्या तोंडाशी बहुधा ज्याला उभे केले जाते, त्या भूमिहीन मजुराला सातबारा नाही. म्हणून त्याच्या हाताला या योजनेत किंमतही नाही.

कायद्याच्या प्रवासाकडे पाहिले म्हणजे प्रश्न अधिक स्पष्ट होतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने धोकादायक यंत्रावर अल्पवयीन कामगाराला पुरेसे प्रशिक्षण वा जाणत्याची देखरेख असल्याखेरीज काम देऊ नये असे सांगितले. १९८४ साली भोपाळमध्ये हजारो माणसे विषारी वायूने मेली, तेव्हा १९८७ साली त्या कायद्यात एक मोलाचे कलम आले. आरोग्य व सुरक्षिततेची माहिती मिळविणे आणि त्याविषयीचे प्रशिक्षण मिळविणे हा कामगाराचा हक्क आहे, असे त्याने शब्दांत मांडले. हा हक्क सरकारने वा मालकांनी आपण होऊन दिला नव्हता. भोपाळच्या प्रेतांनी तो मिळवून दिला होता. २०२० साली संमत झालेली व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यात प्रशिक्षण नाहीसे झालेले नाही; पण ते मालकाच्या कर्तव्यांच्या यादीत गेले आहे, आणि कामगाराच्या हक्कांच्या कलमात मुख्यतः माहिती मागण्याचा व गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार उरला आहे. ‘कारखाना’ ठरण्यासाठी १९४८ च्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागी १० कामगार पुरेसे होते. संहितेत २० लागतात, आणि विजेविना चालणाऱ्या जागी ४०. मलकापूर, चिखली, मेहकर यांसारख्या गावांत छोट्या दालमिली, तेलघाण्या आणि वेल्डिंगची दुकाने असतात. मूठभर माणसांवर चालणारा असा व्यवसाय कारखान्याच्या व्याख्येत येतच नाही.

कर्तव्य आणि हक्क यांत शब्दच्छल नाही. कर्तव्य पाळले की नाही हे पाहायला निरीक्षक लागतो. हक्क असेल तर कामगार स्वतः उभा राहून मागू शकतो. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९८१ च्या १५५ व्या करारात याहून पुढचे पाऊल टाकले होते. जिवाला तत्काळ व गंभीर धोका आहे अशी वाजवी खात्री असणाऱ्या कामगाराने काम सोडले, तर त्याला त्याची शिक्षा होता कामा नये, असे तो करार सांगतो. २०२२ साली त्या संघटनेने हा करार मूलभूत करारांत गणला. तढेगावच्या मजुरांना गरज होती ती याची.

पैसा नाही ही सबब येथे चालणार नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या सुधारणेसाठी केंद्र सरकारने २०२५ साली ६० हजार कोटी रुपयांची योजना जाहीर केली असून तिच्यात देशभरातील एक हजार संस्था घेतल्या जाणार आहेत. बांधकामाच्या खर्चावर उपकर घेऊन मजुरांच्या कल्याणासाठी वापरण्याची पद्धत १९९६ च्या कायद्यापासून चालत आली आहे. प्रश्न आहे तो हा पैसा कशावर खर्च व्हावा याचा. उद्घाटनाच्या दिवशी मंत्रिमहोदयांनी चष्मा लावून छायाचित्र काढावे आणि नंतर ती खोली कुलपात राहावी, हा आपल्याकडच्या अनेक प्रयोगशाळांचा इतिहास आहे. त्याची पुनरावृत्ती बुलढाण्याला परवडणारी नाही.

म्हणून मागणी नेमकी केली पाहिजे. सुरक्षिततेचे प्रशिक्षण कामाच्या वेळेत आणि पूर्ण रोजासह व्हावे. ते मजुराच्या भाषेत व्हावे. बाहेरून आलेल्यांसाठी त्यांच्या भाषेत. चष्मा असेल तर तो पहिल्या दिवसापुरता असावा, त्यानंतरचे दिवस खऱ्या यंत्राशेजारी, जाणत्या कारागिराच्या हाताखाली जावेत आणि त्या कारागिराला शिक्षकाचा मान व मोबदला मिळावा. जिनिंगचा हंगाम सुरू होण्यापूर्वी आणि सोयाबीनची सुडी लागण्यापूर्वी तालुक्याच्या प्रशिक्षण संस्थांची दारे हंगामी मजुरांसाठी उघडावीत. सरकारी अनुदानावर विकले जाणारे एकही मळणी यंत्र सुरक्षित तोंडाशिवाय शिवारात येऊ नये. भूमिहीन मजुराला अपघात अनुदानात शेतकऱ्याच्या बरोबरीने स्थान मिळावे. आणि या सर्वांच्या मुळाशी, धोक्याचे काम थांबविण्याचा अधिकार कायद्याने कामगाराच्या हाती यावा. ही शेवटची मागणी मान्य झाली नाही तर बाकीच्या कागदावर राहतील. आणि ती मान्य करवून घेण्याची ताकद संघटनेखेरीज दुसरीकडून येणार नाही.

चष्म्यातून दिसणारा अपघात खोटा असतो, म्हणूनच तो शिकविण्यासाठी चांगला. पण तो उतरवल्यावर समोर जे दिसते ते खरे असते: उघडा पट्टा, थकलेले हात, दारात उभा ठेकेदार. हे बदलण्याची इच्छा नसेल, तर चष्मा डोळे उघडण्यासाठी लावला जात आहे की झाकण्यासाठी, असा प्रश्न खामगावचा हमाल आणि सिंदखेडराजाचा मजूर विचारल्यावाचून राहणार नाही.