सर्किट बोर्डच्या फाइली स्क्रिप्टनेच काढाव्यात

यवतमाळ, पुसदच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी सर्किट बोर्डचे डिझाइन केले, की कारखाना सहसा प्रत्येक थराची गर्बर फाइल आणि छिद्रांची ड्रिल फाइल मागतो. हाताने काढताना नव्यात एखादी जुनी फाइल मिसळली, तर छिद्रे चुकीच्या जागी पडतात; पैसे जातात, प्रकल्प रखडतो.

यावरचा उपाय मोफत आहे. कीकॅड सॉफ्टवेअरच्या २०२३ मधील सातव्या आवृत्तीपासून या फाइली कमांडने काढता येतात. २०२४ च्या आठव्या आवृत्तीपासून डिझाइनचे नियमही तसेच तपासता येतात. दोन्ही एकाच स्क्रिप्टमध्ये बसवावे. चूक आढळली, तर फाइली निघूच नयेत. सर्किटमागचा विचार मात्र स्क्रिप्ट तपासत नाही, तो माणसानेच तपासावा. महाविद्यालयांनी प्रकल्पाचे गुण देताना बोर्डसोबत ही स्क्रिप्टही पाहावी.