कोठारातला इतिहास आणि बिनपगारी उमेदवार

🧵 १/ पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात सुमारे २० हजार वस्तू आहेत. त्यांपैकी प्रेक्षकांना पाहायला मिळतात त्या सुमारे अडीच हजार. बाकीच्या बंद दारामागे, कोठारात. जगातल्या बहुतेक मोठ्या संग्रहालयांची स्थिती याहून फारशी वेगळी नाही. त्या बंद दारामागे इतिहासाची निगा कोण राखते, ती विद्या पुढच्या पिढीकडे कशी जाते आणि त्यात विद्यार्थ्याचे स्थान काय असावे, याविषयीचा हा धागा.

२/ भूमिका आरंभीच स्पष्ट केलेली बरी. संग्रहालयातील विद्यार्थी-इंटर्नशिप म्हणजे प्रमाणपत्राची सोय नव्हे आणि फुकटचे मनुष्यबळही नव्हे. ती देखरेखीखालची, आखीव आणि विद्यावेतन देणारी उमेदवारी असली पाहिजे. तशी ती नसेल तर नुकसान विद्यार्थ्याचे होते, आणि त्याहून अधिक, त्याच्या हाती दिलेल्या वस्तूचे होते.

३/ या प्रश्नाची मुळे मराठी इतिहाससंशोधनाच्या आरंभातच आहेत. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे होती. पुढे या मालेचे २२ खंड झाले. गावोगावच्या वाड्यांतून, माळ्यांवरून, वाळवीच्या आणि उंदरांच्या तावडीतून दप्तरे सोडवीत हा माणूस हिंडला. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, त्यामागे हीच निकड होती. कागद आधी वाचवायचा, वाचन त्यानंतर.

४/ १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. खंडांवर नाव संपादकाचे आहे आणि ते योग्यच आहे. पण हजारो रुमाल सोडणे, मोडी वाचणे, बाळबोधीत नकला उतरवणे आणि कागद पुन्हा जागच्या जागी बांधून ठेवणे ही कामे एकट्या माणसाची नव्हेत. ती करणाऱ्या मदतनिसांची नावे आजच्या किती वाचकांना ठाऊक आहेत? निगा राखणारे हात इतिहासाच्या तळटिपेतही क्वचितच येतात.

५/ ‘रुमाल’ म्हणजे कागदांचे कापडात बांधलेले गाठोडे. ही बांधणी साधी दिसते, पण तिच्यात माहिती असते. कोणत्या गावाचा कागद कोणत्या कागदाशेजारी होता, कोणत्या खात्यात होता, यावरून तारीख नसलेल्या चिठ्ठीचाही काळ आणि संबंध लावता येतो. रुमाल निष्काळजीपणे सोडला आणि कागदांचा क्रम विस्कटला, तर एकही पान न फाटता पुरावा नष्ट होतो. जतनशास्त्रात यालाही हानीच म्हणतात. वस्तू शाबूत, पण तिची ओळख हरवलेली.

६/ वस्तूंचे इतर शत्रू अधिक परिचित आहेत. प्रकाश रंग उडवतो, म्हणून जुनी वस्त्रे, जलरंगातली चित्रे आणि हस्तलिखिते साधारण ५० लक्सच्या मंद उजेडात मांडतात. दमट हवेत बुरशी धरते, लोखंड गंजते. कसर आणि वाळवी कागद खातात. आपल्याकडे पोथ्या लाल फडक्यात बांधून त्यांत वेखंडाची पुरचुंडी किंवा कडुनिंबाचा पाला ठेवण्याची रीत होती. संग्रहाची निगा हा पाश्चात्त्यांनी शिकवलेला नवा विषय नाही, याची ती साक्ष आहे. मुंबईच्या पावसाळी हवेत चार महिने संग्रह सांभाळणे ही तर रोजची लढाई असते.

७/ मग इंटर्न नेमके काय करतो? चांगल्या ठिकाणी त्याचा पहिला आठवडा हात कसा लावावा हे शिकण्यात जातो. हातमोजे घातले की झाले, हा समज तिथे प्रथम गळून पडतो. धातूच्या वस्तू व छायाचित्रे यांना मोजे हवेत. जुना कागद मात्र स्वच्छ, कोरड्या हातांनीच हाताळणे बहुधा श्रेयस्कर, कारण सुती मोज्यांनी बोटांची जाणीव बोथट होते आणि पानाची कड मोज्यात अडकून फाटते. टेबलावर शाईचे पेन नाही, फक्त शिसपेन्सिल.

८/ त्यानंतर येते स्थितीची नोंद. वस्तूवर तडा कुठे, डाग कुठे, जुनी डागडुजी कुठे, हे छायाचित्रासह लिहायचे. पुढे वस्तूवर क्रमांक घालायचा. तो कोरायचा नाही. बहुतेक कठीण पृष्ठांवर आधी पारदर्शक रेझिनचा पातळ थर देतात, त्यावर क्रमांक लिहितात आणि वर पुन्हा एक थर देतात. उद्या गरज पडली तर सगळे द्रावकाने पुसून काढता यावे. पुढच्या पिढीला आपले काम उलटवता आले पाहिजे, हे या विद्येचे पहिले तत्त्व. इतका विनय शिकवणारे वर्ग इतिहासाच्या अभ्यासक्रमात फारसे नाहीत.

९/ अशा कामात तरुण हातांचे मोल जगाला एका आपत्तीने दाखवले. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदीचा पूर शिरला. सांता क्रोचे चर्चशी निगडित असलेला चिमाबुए या चित्रकाराचा तेराव्या शतकातील क्रूस विद्रूप झाला, त्याचा बराचसा रंग वाहून गेला. राष्ट्रीय ग्रंथालयातील दहा लाखांहून अधिक ग्रंथ व कागद चिखलात बुडाले. इटलीतून आणि परदेशांतून विद्यार्थी धावून आले. तळघरापासून वरपर्यंत माणसांची साखळी करून त्यांनी चिखलाने माखलेले ग्रंथ हातोहात वर काढले. लोकांनी त्यांना ‘चिखलातले देवदूत’ हे नाव दिले.

१०/ ही कथा बहुधा इथेच संपवली जाते. तिचा खरा धडा मात्र यापुढे आहे. ग्रंथ वर आले, पण ओला ग्रंथ कसा वाळवावा, कसा उसवावा, कसा धुवावा, हे उत्साहाला ठाऊक नसते. इंग्लंडहून पीटर वॉटर्स, क्रिस्तोफर क्लार्कसन यांच्यासारखे बांधणीतज्ज्ञ आले आणि धुणे, वाळवणे, दुरुस्ती, बांधणी अशी कामाची शिस्तबद्ध साखळी उभी राहिली. स्वयंसेवकांनी ग्रंथ पुरातून काढले. तो वाचवला मात्र प्रशिक्षणाने.

११/ त्याच कामात एक निरीक्षण पुढे आले. मऊ चर्मपत्राचे, शिवून बांधलेले, सरस जवळपास न वापरलेले जुने ग्रंथ इतरांपेक्षा पुरात पुष्कळ चांगले टिकले होते. क्लार्कसनने या बांधणीचा अभ्यास केला आणि तिच्या आधारे जतनासाठी योग्य अशी बांधणीची पद्धत रूढ झाली. निगा राखताना हाताला जे कळले, त्यातून ज्ञान निर्माण झाले. कोठारातले काम म्हणजे निव्वळ धूळ झटकणे, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

१२/ या इतिहासाशी भारताचाही संबंध आहे. सांस्कृतिक वारशाच्या जतनाचे शिक्षण देणारी इक्रोम ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन करण्याचा निर्णय युनेस्कोच्या १९५६ च्या नवी दिल्ली अधिवेशनात झाला. संस्था पुढे रोममध्ये उभी राहिली. लखनौची राष्ट्रीय जतन प्रयोगशाळा १९७६ ची. म्हणजे शास्त्र, संस्था, परंपरा यांपैकी कशाचीच उणीव नाही. उणीव आहे ती कोठाराच्या दारापासून महाविद्यालयाच्या दारापर्यंतच्या पक्क्या वाटेची.

१३/ वास्तूंच्या बाबतीत हे अधिक ठळकपणे दिसते. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. ११ महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. गडांवर सुट्टीच्या दिवशी घाम गाळणाऱ्या तरुणांची संख्या आणि निष्ठा वादातीत आहे. पण तटात रुजलेले झाड उपटले की मुळांबरोबर चिरेही निखळतात. चुन्याच्या जुन्या सांध्यात सिमेंट भरले की ओल आत कोंडते, क्षार साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. विखुरलेले घडीव दगड ‘नीट’ रचून ठेवले की ते मुळात कुठे पडले होते, हा पुरावा कायमचा जातो. संरक्षित स्मारकांवर परवानगीशिवाय असे काम करण्यास कायद्याचीही मनाई आहे. या निष्ठेला पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखालची सहा आठवड्यांची उमेदवारी मिळाली, तर तिचे रूपांतर कौशल्यात होईल.

१४/ आता पैशाचा प्रश्न. ‘उमेदवार’ या शब्दाला जुना इतिहास आहे. इंग्रजी अमदानीतल्या कचेऱ्यांत जागा रिकामी होण्याच्या आशेवर बिनपगारी राबणाऱ्या होतकरू कारकुनास उमेदवार म्हणत. स्वतंत्र भारताने १९६१ साली शिकाऊ उमेदवारांसाठी कायदा केला आणि त्याखालील उमेदवारास विद्यावेतन देणे मालकावर बंधनकारक केले. कारखान्यात फिटरचे काम शिकणाऱ्याला त्यामुळे काही रक्कम मिळते. अठराव्या शतकातला कागद हाताळणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र अनेकदा ‘अनुभव’ एवढेच मिळते. उमेदवार कचेरीतून उठला आणि संग्रहालयात येऊन बसला, इतकाच काय तो फरक.

१५/ ही अडचण केवळ भारताची नाही. उत्तर अमेरिकेतील कलासंग्रहालयांच्या संचालकांच्या संघटनेने जून २०१९ मध्ये ठराव करून सदस्य संग्रहालयांना आवाहन केले की इंटर्नना मोबदला द्यावा. कारण सरळ होते. बिनपगारी इंटर्नशिप ज्याला परवडते तोच पुढे या व्यवसायात शिरतो, आणि मग संग्रहालयात कोणाच्या वस्तू महत्त्वाच्या ठरतील हेही तोच ठरवतो.

१६/ महाराष्ट्रात याचा अर्थ काय होतो? मुंबई-पुण्यात ज्याचे घर आहे तो दोन महिने फुकट काम करू शकतो. धाराशिव, नंदुरबार किंवा गडचिरोलीचा विद्यार्थी खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे कुठून आणणार? पण त्याच्या भागातल्या दप्तरातली गावनावे, पाणंदी, वतने, बलुत्यांचे शब्द, घरातल्या अवजारांची नावे त्याला जितकी उलगडतील तितकी शहरातल्या विद्यार्थ्याला उलगडणार नाहीत. त्याला दाराबाहेर ठेवणे हा अन्याय आहेच, शिवाय संग्रहाने स्वतःचा जाणकार गमावणेही आहे.

१७/ यावर संग्रहालयांचे दोन आक्षेप असतात आणि ते खोटे नाहीत. पहिला: निधी नाही. दुसरा: दोन महिन्यांच्या पोराच्या हाती अमोल वस्तू कशी द्यायची? दुसऱ्याचे उत्तर कामाच्या निवडीत आहे. तलवारीचा गंज काढणे किंवा चित्राचा रंग भरणे हे इंटर्नचे काम नव्हेच. कोठाराची यादी पडताळणे, आम्लरहित कागदाच्या पेट्या करणे, आर्द्रतेच्या नोंदी ठेवणे, कीटकांचे सापळे तपासणे, छायाचित्रण, मोडी कागदांची प्राथमिक सूची ही कामे दोन महिन्यांत शिकता येतात. वर्षानुवर्षे रखडणारी कामेही नेमकी हीच असतात.

१८/ पहिल्या आक्षेपाचे उत्तर अग्रक्रमात आहे. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची १८७२ ची वास्तू अनेक वर्षांच्या जीर्णोद्धारानंतर २००८ मध्ये पुन्हा खुली झाली. या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा पुरस्कारही मिळाला. असे भव्य काम घडू शकते, याचा अभिमान वाटावा. पण जीर्णोद्धार ही घटना असते, निगा हा नित्यक्रम असतो. घटनेला देणगीदार मिळतो, फीत कापली जाते. नित्यक्रमाला बहुधा कोणी मिळत नाही. नव्या दालनाच्या खर्चातील अल्पसा भाग चार-पाच विद्यावेतनांसाठी बाजूला काढणे अशक्य नाही. दात्यांनीही कोनशिलेऐवजी एका विद्यार्थ्याचा उन्हाळा पुरस्कृत करावा.

१९/ ही वेळही योग्य आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला पदवीच्या श्रेयांकांत जागा मिळाली आहे. हजारो विद्यार्थी आता इंटर्नशिप शोधणार आहेत. तयारी नसलेल्या संग्रहालयांवर हा लोंढा येऊन आदळला, तर निष्पत्ती ठरलेली आहे: प्रवेशद्वारावर तिकिटे फाडणे, समाजमाध्यमांसाठी फोटो काढणे आणि शेवटी शिक्का मारलेला कागद. श्रेयांक मिळतील. मोडी वाचणारा आणि कागद सांभाळणारा एकही माणूस वाढणार नाही.

२०/ म्हणून इंटर्नशिप स्वीकारताना विद्यार्थ्याने पाच प्रश्न निःसंकोच विचारावेत. देखरेख कोण करणार? काम लेखी ठरलेले आहे का? हाताळणीचे प्रशिक्षण पहिल्याच आठवड्यात मिळणार का? विद्यावेतन किती? आणि तयार झालेल्या सूचीवर किंवा नोंदीवर आपले नाव लागणार का? ज्या संस्थेला हे प्रश्न उद्धटपणाचे वाटतील, तिचे कोठार कसे असेल याचा अंदाज बांधता येतो.

२१/ गडावरचा सूर्योदय आणि तलवारीचे छायाचित्र यांनी इतिहासाची ओढ लागते, आणि ती लागलीच पाहिजे. पण मोडी हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्रास वापरात असलेले लिपीज्ञान तीन पिढ्यांत दुर्मिळ झाले. कोठार सांभाळण्याची विद्या याच वाटेने गेली, तर न वाचलेले रुमाल न वाचलेलेच संपतील. राजवाड्यांच्या काळी दप्तरे अडगळीच्या माळ्यावर नष्ट होत होती. आज ती क्रमांक घातलेल्या कपाटातही नष्ट होऊ शकतात, आणि तसे झाले तर दोष वाळवीला देता येणार नाही.

#मराठीइतिहास #मोडी #संग्रहालय #वारसाजतन