उपचार दाराशी, रक्तदाब मात्र अंधारात

बडनेरा, प्रतिनिधी : हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात अचानक येतात, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात अचानक येतो तो केवळ अखेरचा क्षण. रक्तवाहिन्यांची हानी त्यापूर्वी अनेक वर्षे निमूटपणे सुरू असते आणि तिला मोठा हातभार लागतो तो अनियंत्रित रक्तदाबाचा. उपचारांच्या सोयीच्या बाबतीत बडनेरा वऱ्हाडातील अनेक गावांपेक्षा सुदैवी आहे. हे शहर अमरावती महापालिकेच्या हद्दीत येते आणि अमरावतीची मोठी रुग्णालये येथून सुमारे दहा किलोमीटरवर आहेत. त्यामुळे खरा प्रश्न अंतराचा नसून, रुग्णावर तेथे धावत जाण्याची वेळच का येते, हा आहे.

दोन योजना, दोन नशिबे

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राज्यातील ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत अमरावती होते. पुढे ती राज्यभर पोहोचली आणि नंतर तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. अँजिओप्लास्टी आणि बायपास यांसारखे खर्चिक उपचार तिच्यामुळे सामान्य कुटुंबांच्या आवाक्यात आले.

प्रतिबंधाच्या बाबतीतही अमरावती पहिल्याच पंगतीत होते. कर्करोग, मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघात यांच्या प्रतिबंधासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला, तेव्हा पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील सहा जिल्हे निवडले गेले. त्यांत अमरावतीचा समावेश होता. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासणे, हा या कार्यक्रमाचा गाभा आहे. मात्र पहिली योजना घराघरांत ठाऊक झाली, तशी दुसरी झाली नाही. याचे कारण उघड आहे. माफ झालेले बिल डोळ्यांना दिसते; टळलेल्या झटक्याची मात्र बातमी होत नाही.

हा श्रीमंतांचा आजार नव्हे

पक्षाघात हा सुखवस्तू शहरी लोकांचा आजार आहे, हा समज विदर्भातच खोटा ठरला आहे. गडचिरोलीतील ‘सर्च’ या संस्थेने २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतील मृत्यूंची कारणे तपासली. त्यांत पक्षाघात हेच सर्वांत मोठे कारण आढळले. एकूण मृत्यूंपैकी १४.३ टक्के मृत्यू त्याने झाले होते आणि त्यांतील बहुसंख्य रुग्णांनी घरीच प्राण सोडले होते.

हृदयविकाराचे चित्रही तितकेच गंभीर आहे. ५२ देशांतील ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने २००४ मध्ये दाखवून दिले की, पहिल्या झटक्याचा सुमारे ९० टक्के धोका नऊ घटकांशी निगडित असतो. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातील चरबी, पोटाचा घेर, मानसिक ताण, व्यायामाचा अभाव, फळे-भाज्यांची कमतरता आणि मद्यपान यांच्याशी संबंधित हे घटक आहेत. याच माहितीच्या आधारे २००७ मध्ये झालेल्या विश्लेषणात दक्षिण आशियाई रुग्णांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी, म्हणजे इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी येत असल्याचे दिसले. या वयात घरातील मुलांची शिक्षणे आणि लग्ने व्हायची असतात.

शेजारच्या जिल्ह्याचा धडा

उपाय दूर शोधण्याची गरज नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातून प्रारंभी जे जिल्हे निवडले गेले, त्यांत शेजारचा वर्धा जिल्हा होता. ठरलेल्या मोजक्या गोळ्या, घराजवळच्या आरोग्य केंद्रात त्यांचा अखंड पुरवठा आणि तपासणीला न आलेल्या रुग्णाची विचारपूस, एवढीच त्याची साधी रीत. या उपक्रमाला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. वरचा रक्तदाब १० अंकांनी खाली आणला, तरी पक्षाघाताचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने घटतो, असे मोठ्या संशोधनांच्या एकत्रित अभ्यासातून दिसून आले आहे.

अडचण येते ती सातत्याची. बरे वाटू लागले की गोळी बंद केली जाते; परंतु वाढलेला रक्तदाब बहुधा जाणवतच नाही. त्यात पानठेल्यावरचा खर्रा सुटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभरही नाही, एवढीच मिठाची मर्यादा सांगितली आहे. लोणचे, पापड आणि आलुबोंड्यांच्या संगतीत ती सहज ओलांडली जाते.

घड्याळ कधी सुरू होते?

चेहरा वाकडा होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची ठळक लक्षणे आहेत. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ही वेळ रुग्णालयात पोहोचल्यापासून नव्हे, तर लक्षण दिसल्यापासून मोजली जाते. त्याआधी सीटी स्कॅन आवश्यक असतो. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे त्यावाचून कळत नाही. म्हणूनच घरच्या घरी अ‍ॅस्पिरीन देणे धोक्याचे ठरू शकते. छातीतील दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात येणारी कळ यांना ‘गॅस’ समजून सोडा पीत बसणे हीदेखील तितकीच महागात पडणारी चूक. मधुमेही रुग्णांत आणि स्त्रियांत केवळ धाप किंवा अतीव थकवा एवढेच लक्षण असू शकते. अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावणे हेच शहाणपणाचे.

बडनेऱ्यात रेल्वेगाड्या चालविणाऱ्या कर्मचाऱ्यांची नियमानुसार ठराविक काळाने वैद्यकीय तपासणी होते. स्थानकाबाहेरील हातगाडीवाला, दुकानातील नोकर किंवा घरातील गृहिणी यांच्यासाठी असा कोणताही नियम नाही. जुन्या वस्तीत आणि नव्या वस्तीत तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब वर्षातून एकदा तरी मोजला जाईल आणि सुरू झालेली गोळी मध्येच सुटणार नाही, एवढे घडले तरी पुष्कळ साधेल. त्यासाठी नवी इमारत नको. महापालिकेची आरोग्ययंत्रणा आणि नागरिक या दोघांनी मिळून एक सवय मात्र लावून घ्यायला हवी.