जुन्या मोटारीचें शोधन

या सदरांत मोटारीच्या यंत्राविषयीं लिहिण्याचा प्रसंग येईल, असें आम्हांस कधीं वाटलें नव्हतें. उभें आयुष्य रूपावलि आणि समासचक्र शिकविण्यांत गेलें. यंत्रशास्त्राचा आणि आमचा संबंध तो काय! परंतु गेल्या वर्षीं चातुर्मासांत आमच्या घरीं जें घडलें, तें इतर कुटुंबांसहि उपयोगी पडेल अशा समजुतीनें येथें नमूद करीत आहों.

आमच्या कैलासवासी ज्येष्ठ बंधूंनीं १९९३ सालीं घेतलेली प्रीमियर पद्मिनी गाडी अद्याप आमच्या सातारच्या घरीं आहे. नोंदणीचीं पहिलीं पंधरा वर्षें केव्हांच सरलीं. आतां दर पांच वर्षांनीं तपासणी होऊन मुदत वाढवून घ्यावी लागते. ती मुदत पुन्हा भरत आली आणि नेमकें त्याच वेळीं गाडीचें दुखणें बळावलें. चढावर ती ठकठक करूं लागली, धूर ओकूं लागली. आणि नवल असें कीं, किल्ली फिरवून बंद केल्यावरहि यंत्र कांहीं क्षण गचके देत चालूच राही. गाडी भंगारांत काढण्याची भाषा घरांत निघाली. वहिनी त्यावर कांहीं बोलल्या नाहींत. पण त्या रात्रीं त्या पानावरून तशाच उठल्या, हें सर्वांच्या ध्यानीं आलें.

दुसरे दिवशीं आमचा पुतण्या बाजारांतून दोन बाटल्या घेऊन आला. एक पेट्रोलच्या टाकींत ओतावयाची, दुसरी यंत्राच्या तेलांत. "काका, पंधरा मिनिटांत आंतली सगळी घाण धुऊन निघेल," असें तो म्हणाला. सुदैवानें त्यापूर्वींच आम्हीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यास बोलावणें धाडलें होतें. तो आतां मोटारींचा मिस्त्री आहे. त्यानें तेल ओतण्याच्या तोंडावरील झांकण काढून आंत बोट फिरविलें, तों तें काळ्या, दाट चिखलानें माखून निघालें. "गुरुजी, तेल शेवटचें कधीं बदललें?" या प्रश्नास उत्तर मिळेना. आम्हांस वाटे, पुतण्यानें बदललें. पुतण्यास वाटे, त्याच्या धाकट्या भावानें. आणि धाकट्यास वाटे, आम्हीं. हिशेब केला, तों चार वर्षें उलटलीं होतीं!

मिस्त्रीनें मग जें समजावून दिलें, तें असें. पेट्रोल व तेल अर्धवट जळून जी काजळी होते, ती दट्ट्याच्या माथ्यावर आणि झडपांवर थराथरानें बसते. दट्ट्याच्या वरचा हा थर तापून निखाऱ्यासारखा धगधगूं लागला, म्हणजे ठिणगी पडण्याची वाट न पाहतां पेट्रोल पेट घेतें. किल्ली बंद करूनहि यंत्र चालतें, तें याच कारणानें. तेलांतील चिखलाची उत्पत्ति निराळी. यंत्र पुरतें तापण्यापूर्वींच बंद केलें, म्हणजे आंत जमलेलें पाणी व न जळलेलें पेट्रोल वाफ होऊन निघून जात नाहीं; तें तेलांत मिसळतें, आणि तेल वेळेवर न बदलल्यास त्याचा चिखल होतो. आमची गाडी चाले ती किती? गुरुवारीं दत्तमंदिरापर्यंत आणि परत! आम्ही तिला जपत आहों असें आम्हांस वाटे. वस्तुतः बसवून ठेवूनच आम्हीं तिला आजारी पाडलें होतें.

आतां त्या दोन बाटल्यांविषयीं. पेट्रोलांत घालावयाच्या औषधास मिस्त्रीची हरकत नव्हती. त्यांत पॉलिईथर अमाइन नांवाचें द्रव्य असेल, तर तें आंतील उष्णता सोसून काजळी हळूहळू सोडवितें. अमेरिकेंत तर १९९५ सालापासून सर्व पेट्रोलांत कांहीं ना कांहीं शोधक द्रव्य घालण्याची सक्ती आहे. मात्र तें बाटलीवरील प्रमाणांतच घालावें, आणि मग गाडी लांब पल्ल्यास न्यावी. ज्या नव्या गाड्यांत पेट्रोल झडपांवरून न जातां थेट सिलिंडरांत फवारलें जातें, त्यांच्या झडपा मात्र या उपायानें स्वच्छ होत नाहींत.

दुसरी बाटली त्यानें बाजूस ठेवविली. वैद्यकांत वमन-विरेचनापूर्वीं रोग्याचें बल पाहतात. क्षीण झालेल्या वृद्धास तीव्र रेचक देत नाहींत. येथेंहि तोच न्याय. वर्षानुवर्षें सांचलेला चिखल एकदम सुटला, तर त्याचे गोळे तेलाच्या पंपाच्या जाळीवर अडकतात. तेल वर चढत नाहीं आणि कोरडें यंत्र थोडक्याच वेळांत कायमचें निकामी होतें. त्यापेक्षां चांगलें नवें तेल घालावें, पांचशें किलोमीटर चालवून तें काढून टाकावें, आणि पुन्हा नवें भरावें. हल्लींच्या तेलांत मळ सोडविणारीं द्रव्यें मुळांतच असतात. तीं तेंच काम सावकाश आणि बिनधोक करतात.

त्याप्रमाणें आम्हीं केलें. कार्ब्युरेटर उघडून साफ करविला, नवे प्लग बसविले, आणि वहिनींस घेऊन सुमारें १२० किलोमीटरांवरील कोल्हापुरास अंबाबाईच्या दर्शनास गेलों. महिन्याभरांत पुन्हा एकदां. दुसऱ्या खेपेस तेथें पोंचून पुतण्यानें किल्ली फिरविली, तों यंत्र तत्क्षणीं शांत झालें. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, ह्यांच्या वेळीं अशीच थांबत असे."

पुढें धुराची परीक्षा उतरली आणि मुदतहि वाढून मिळाली. सकाळीं प्रथम सुरू करतांना थोडा निळसर धूर अद्याप निघतो. झिजलेलें लोखंड कोणत्याहि औषधानें भरून येत नाहीं, हें आम्हीं मान्य केलें आहे.

संस्कृतांत तेलातुपासहि स्नेह म्हणतात आणि मायेसहि. दोहोंचा नियम एकच दिसतो: सर्वांनीं मिळून धरलेला स्नेह कोणीतरी एकानें वेळेवर पाहावा लागतो, नाहीं तर त्याचा चिखल होतो. आमच्या घरीं आतां देवघरांतील पंचांगावर तेल बदलण्याची तिथि लिहिलेली असते, आणि तिच्यापुढें एकाचेंच नांव असतें. यंदा तें आमचें आहे.